बिडाच्या नव्या रंध्याला चीर: परत पाठवावा की सवलत घेऊन ठेवावा?

फणसाची फळी (चिपळूण)

गेली चार वर्षे मी घराच्या पडवीत लाकूडकाम करते. चौरंग, पाट, देवघराच्या लहान चौकटी असे काम असते आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने त्यातच जातात. आतापर्यंत सासऱ्यांच्या लाकडी रंध्यावर भागत होते, पण त्याचे तोंड (पाते ज्या फटीतून बाहेर येते ती) झिजून इतके रुंद झाले आहे की फणसाच्या फळीवर रेषा उलटी आली की तो लाकूड तासण्याऐवजी उपटून काढतो. म्हणून यंदा ३,४०० रुपये देऊन बेली पद्धतीचा (पात्याची खोली चाकाने लावता येणारा) ५ नंबरचा, १४ इंच लांबीचा बिडाचा रंधा ऑनलाइन मागवला. तो परवा आला.

खोक्याचा एक कोपरा चेपलेला आणि पावसाने मऊ पडलेला होता. आत रंध्याभोवती बबल रॅपचा एकच वेढा होता आणि मुठीकडची बाजू थेट पुठ्ठ्याला टेकलेली होती. मागच्या लाकडी मुठीचे वरचे टोक तुटून खोक्याच्या तळाशी पडले होते. तेवढेच असते तर मी ते सरसाने चिकटवून कामाला लागले असते. परंतु तेलाचा थर पुसून काढताना तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून बाजूच्या भिंतीवर चढत गेलेली केसासारखी एक रेघ दिसली. ती सुमारे पाऊण इंच लांब आहे. उजेड तिरपा पडला तरच ती दिसते, पण नख आडवे फिरवले की अडकते. आतल्या बाजूला रंगाचा थर असल्यामुळे ती तिकडे पोहोचली आहे की नाही, हे मला समजत नाही.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली तेव्हा त्याने दोन पर्याय दिले. रंधा ठेवून घेतल्यास ९०० रुपये परत मिळतील, आणि परत पाठवल्यास बदली रंधा यायला दहा ते बारा दिवस लागतील. परतीची मुदत सात दिवसांची आहे आणि त्यातले दोन गेले. माझ्याकडे सहा चौरंगांचे काम आहे आणि गणपतीला पाच आठवडे उरले आहेत. बारा दिवस हातात रंधा नसणे मला परवडत नाही, आणि चीर पडलेल्या हत्यारावर २,५०० रुपये घालणेही मनाला पटत नाही. ज्यांनी असे हत्यार वापरले आहे किंवा परत केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

आडवी करवत (नाशिक)

ताई, माझे मत ठेवून घ्यावा असे आहे, आणि त्यामागे अनुभव आहे. माझ्याकडे जुन्या बाजारातून घेतलेला ४ नंबरचा रंधा आहे. त्याच्या डाव्या भिंतीला तोंडापासून दूर, पुढच्या टोकाकडे, अर्ध्या इंचाची चीर आहे. सहा वर्षांत ती वाढलेली नाही आणि सागाच्या कामात तिचा मला कधी अडथळा झालेला नाही. मुठीसाठी शिसवीचा तुकडा घेऊन एका दुपारी नवी मूठ करता येईल. कुरिअरच्या दुसऱ्या फेरीत बदली रंधाही असाच फुटून येऊ शकतो, कारण वेष्टन करणारे हात तेच असतात. मोसमाच्या तोंडावर बारा दिवस घालवण्यापेक्षा ९०० रुपये घेऊन काम सुरू करणे मला व्यवहाराचे वाटते.

जुना फिटर (सांगली)

मी अनेक वर्षे आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. निर्णय घेण्यापूर्वी ही रेघ म्हणजे ओतकामातला वरवरचा ओरखडा आहे की आरपार गेलेली चीर आहे, हे निश्चित करा. त्यासाठी तीन गोष्टी घरच्या घरी करता येतात आणि त्यांपैकी एकीनेही रंध्यात कायमचा बदल होत नाही.

पहिली गोष्ट आवाजाची. पाते, चिपब्रेकर (पात्यावर बसणारी पट्टी), लिव्हर कॅप (पाते दाबून धरणारी टोपी), फ्रॉग (पाते ज्यावर टेकते तो तिरका भाग) आणि दोन्ही मुठी काढून नुसते बिडाचे अंग बोटावर तोलून धरा आणि लाकडी दांडीने हलकेच टिचकी द्या. बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसेच हे आहे. निर्दोष अंग काही क्षण घुमते, तर फुटलेल्याचा आवाज बद्द येतो आणि लगेच मरतो.

दुसरी गोष्ट रॉकेल आणि खडूची. रॉकेल आता सहज मिळत नाही, त्यामुळे डिझेल चालेल. रेघेवर आतून आणि बाहेरून ते लावून वीस मिनिटे ठेवा. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या आणि वर खडूची वस्त्रगाळ पूड पसरा. चिरेत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटवते. ओरखड्यात तेल राहत नाही, म्हणून तिथे पूड पांढरीच राहते. डोळ्यांना चीर जेथे संपलेली दिसते, त्याच्या पुढेही ती गेली असेल तर पूड तेही दाखवते.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. रंधा पुन्हा जोडा, पाते तोंडाच्या आत ओढून घ्या आणि तळाला पोलादी पट्टी लावून तोंडाजवळ ०.०५ मि.मी.चे फीलर गेज (फट मोजायचे पातळ पोलादी पान) सरकवून पाहा. हे एकदा लिव्हर कॅप सैल ठेवून आणि एकदा नेहमीसारखी घट्ट करून करा. दोन्ही वेळा निकाल सारखाच आला तर चीर असूनही अंग अजून ताठ आहे असे म्हणता येईल. कॅप घट्ट केल्यावर फट वाढली तर चीर उघडते आहे असे समजावे.

करवतसाहेबांच्या रंध्याची चीर तोंडापासून दूर आहे, ही बाब येथे फार महत्त्वाची आहे. तोंडासाठी तळाला आडवी खाच पाडलेली असते आणि त्या जागी पुढचा व मागचा भाग फक्त दोन बाजूंच्या भिंतींनी धरलेला असतो. रंध्याचे सगळ्यांत नाजूक ठिकाण तेच आहे.

फणसाची फळी (चिपळूण)

आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री तिन्ही गोष्टी केल्या.

आवाजाबद्दल मला खात्रीने सांगता येणार नाही, कारण तुलनेला दुसरे अंग नव्हते. तरीही शेजारून ४ नंबरचा एक चांगला रंधा आणून वाजवला तेव्हा तो घंटेसारखा घुमला आणि माझा घुमला नाही. दोन्हींचा आकार वेगळा असल्याने या एका गोष्टीवर मी विसंबले नसते.

खडूची चाचणी मात्र डोळ्यांदेखत झाली. पूड पसरल्यावर पाच-सहा मिनिटे काहीच दिसले नाही. नंतर तोंडाच्या कोपऱ्यापासून एक करडी रेघ वर चढू लागली आणि मी पाऊण इंच समजत होते ती जवळजवळ सव्वा इंचापर्यंत गेली. आतल्या बाजूला रंगावरही तशीच रेघ फुटली. मला जे मुळीच दिसले नव्हते तेही दिसले: त्याच कोपऱ्यातून तळाच्या दिशेने, तोंडाच्या मागे, नखाएवढी एक फांदी गेलेली आहे.

फीलर गेज लिव्हर कॅप सैल असताना कुठेच शिरत नव्हते. कॅप घट्ट केल्यावर उजव्या बाजूला ०.०५ चे पान सहज आत गेले, डाव्या बाजूला गेले नाही. मी हे तीनदा करून पाहिले.

जुना फिटर (सांगली)

मग माझे मत स्पष्ट आहे. हा रंधा परत गेला पाहिजे.

कारण बिडाच्या स्वभावात आहे. घावणे घालायचा बिडाचा तवा हातातून निसटला की पोचा येत नाही, तो फुटतो, हे आपण सर्वांनी घरात पाहिले आहे. साध्या करड्या बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूभर विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळेच बीड थरथर शोषून घेते आणि रंध्यासाठी चांगले ठरते. परंतु ओढ बसली की प्रत्येक पापुद्र्याचे टोक म्हणजे आधीच पाडून ठेवलेली खाच ठरते. दाब सहन करण्यात बीड भक्कम असते आणि ताण सहन करण्यात त्याच्या मानाने फारच दुबळे. तोंडाजवळची भिंत तळाला ताठ धरून ठेवते, म्हणून फळीतली गाठ लागली की ताण नेमका तिथेच येतो.

याचा कामावर होणारा परिणामही लक्षात घ्या. बारीक तासणीत निघणारी साल ०.०५ मि.मी.च्या आसपास जाडीची असते. कॅप घट्ट केल्यावर तोंडाची एक बाजू तेवढ्याच अंतराने हलत असेल, तर पात्याची खोली तुम्ही कितीही काळजीपूर्वक लावली तरी ती एका बाजूला टिकणार नाही. फणसासारख्या उलटसुलट रेषेच्या लाकडात, जिथे तोंड अरुंद ठेवण्यावरच सगळे अवलंबून असते, तिथे हा दोष रोज जाणवेल.

वेल्डिंगने जोडून घेण्याचा सल्ला कोणी देईल, म्हणून तेही सांगून ठेवतो. बीड जोडता येते, पण त्यासाठी अंग आधी सावकाश तापवावे लागते, बहुधा निकेलची कांडी वापरावी लागते आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू निववावे लागते. एवढे करूनही जोडाशेजारचे बीड कडक आणि ठिसूळ होऊ शकते आणि तळ पीळ खाण्याची भीती राहते. चिरेच्या टोकाशी बारीक भोक पाडून ती थांबवण्याची रीतही आहे आणि आजोबांच्या रंध्यासाठी मी ती आनंदाने सांगितली असती. नव्या रंध्याला पहिल्याच दिवशी भोक पाडण्याची वेळ येऊ नये.

आडवी करवत (नाशिक)

तळाकडे गेलेली फांदी आणि फीलर गेजचा निकाल वाचून मी माझा सल्ला मागे घेतो. माझ्या रंध्यावर आज सकाळी हीच चाचणी केली. कॅप सैल असो वा घट्ट, पान कुठेच शिरले नाही. दोन्ही चिरा सारख्या आहेत का, हे मला आधी विचारायला हवे होते.

कायद्याचा कागद (पुणे)

परत करण्याचे ठरत असेल तर काही गोष्टी आजच सांभाळाव्यात. मी ग्राहकांच्या तक्रारींचे काम करतो, त्यामुळे नेमके कुठे चुकते ते रोज पाहतो.

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ नुसार, आधी न पाहिलेला माल हाती आल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे धरले जात नाही. तुम्ही केलेली चाचणी ही अशी तपासणी आहे. परंतु कलम ४२ लक्षात ठेवा. माल स्वीकारल्याचे कळवले, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे मालाचे काही केले, किंवा नाकारत असल्याचे न सांगता वाजवी काळापेक्षा जास्त ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे मानले जाते. म्हणून मूठ चिकटवू नका, पात्याला धार लावू नका आणि तळ घासायला तर मुळीच घेऊ नका. अनेक जण आधी दुरुस्तीचा प्रयत्न करतात, ती जमली नाही की मग परत पाठवायला निघतात, आणि तिथेच त्यांची बाजू कमकुवत होते. करार वेगळा नसेल तर, कलम ४३ प्रमाणे, नाकारलेला माल स्वतः नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी ग्राहकावर नसते. नाकारत असल्याचे कळवणे पुरेसे असते. ते आजच लेखी कळवा आणि दूरध्वनीवर बोलणे झाले तरी त्याचा सारांश संदेशाने पाठवा.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे सदोष माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. तसे झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यापुढे जाण्याची वेळ आलीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि मालाची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

चौरंग विकता म्हणून तुम्ही ग्राहक ठरत नाही, असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. स्वयंरोजगारातून चरितार्थ चालवण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूच्या व्याख्येतून कायद्यानेच वगळली आहे. आपल्याकडच्या कितीतरी कारागिरांना हे माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणि ९०० रुपयांबद्दल एवढेच सांगतो की, ती रक्कम घेताना 'पूर्ण व अंतिम तडजोड' असा संदेश मान्य करायला सांगतात. उद्या चीर वाढली तर तो संदेश तुमच्यासमोर ठेवला जाईल.

कातकाम (सावंतवाडी)

मी लाकडी खेळण्यांचे कातकाम करतो. परत करावा याबद्दल सर्वांचे एकमत झालेले दिसते, तरी माझा एक अनुभव येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

तीन वर्षांपूर्वी मी लेथसाठी (लाकूड फिरवून कातायचे यंत्र) एक पोलादी फेसप्लेट, म्हणजे त्यावर लाकूड धरणारी चकती, मागवली होती. तिचे आटे एका बाजूला चेपलेले होते. मी ती परत केली आणि बदली मागवली. बदली आली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला, मोजमाप घेताना मीच ओढलेली पेन्सिलची खूण होती. माझीच प्लेट मला परत आली होती. त्यानंतर माझ्या मनात सतत येते की ती माझ्याकडे परत आली म्हणून मला कळले. दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर त्याने चेपलेले आटे जोर लावून बसवले असते आणि फिरत्या लेथवर ती सुटली असती.

त्यामुळे परत पाठवताना या रंध्याचे पुढे काय होईल, याचाही विचार व्हावा. वरून पाहिले तर तो मूठ तुटलेला चांगला रंधा दिसतो. कोणी नवी मूठ बसवून तो पुन्हा विकला तर घेणाऱ्याला चीर दिसणार नाही. चिरेवर तेलरंगाची रेघ ओढून पाठवावा का?

कायद्याचा कागद (पुणे)

आपली काळजी रास्त आहे, पण कायमची खूण करू नये असे मी सुचवेन, कारण माल मूळ स्थितीत नाही असे म्हणायला तीच कारण ठरेल. चिरेच्या जागी कागदाची चिकटपट्टी लावून तिच्यावर 'येथे आरपार चीर आहे' असे लिहावे, खोक्यात त्याच मजकुराची सही-तारखेची चिठ्ठी ठेवावी आणि दोन्हींचे छायाचित्र तक्रारीला जोडावे. मग विक्रेत्याला दोषाची माहिती नव्हती असे म्हणता येणार नाही.

फणसाची फळी (चिपळूण)

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. काल लेखी नकार कळवला. अंगावरचे डिझेल आणि खडू पुसून पुन्हा तेलाचा हात फिरवला, चिकटपट्टी लावली, चिठ्ठी ठेवली आणि तुटलेले टोक वेगळ्या पुडीत बांधून खोक्यात घातले. आज सकाळी कुरिअरचा मुलगा येऊन घेऊन गेला. बदली रंध्यासाठी लाकडी खोके किंवा किमान दुहेरी पुठ्ठा वापरावा, आणि मुठी काढून वेगळ्या बांधाव्यात, अशी विनंतीही केली. तोपर्यंत शेजाऱ्यांचा ४ नंबर दुपारी दोन ते सहा मला मिळणार आहे. सहापैकी दोन चौरंग सागाचे आहेत, ते आधी घेते.

फणसाची फळी (चिपळूण)

बदली रंधा अकराव्या दिवशी आला. खोके दुहेरी होते, मुठी मात्र जोडलेल्याच होत्या, पण दोन्ही शाबूत आहेत. आधी अंग सुटे करून वाजवले. या वेळी तुलनेची गरज पडली नाही, कारण आवाज पडवीभर घुमला. खडूची पूड अर्धा तास ठेवली आणि ती पांढरीच राहिली.

मात्र तळ अगदी सपाट नाही. पट्टी लावल्यावर मध्यभागी, तोंडाच्या मागे, ०.०५ चे पान जाते आणि ०.१० चे जात नाही. कॅप सैल असो वा घट्ट, निकाल तोच आहे. काचेवर सँडपेपर लावून तळ घासायला घेऊ का? मूठ चिकटवू नका हा सल्ला लक्षात असल्यामुळे आधी विचारते आहे.

जुना फिटर (सांगली)

हा दोष वेगळ्या जातीचा आहे. ओतलेले अंग पुरेसे मुरण्याआधी यंत्रावर घासले की असा थोडा पोकळपणा पुढे येतो. तो तुमच्या हाताने निघतो आणि एकदा निघाला की सहसा पुन्हा त्रास देत नाही. हा मी ठेवून घेतला असता.

तरी घासायला घेण्यापूर्वी दोन दिवस तो तसाच वापरून पाहा. पात्याला धार लावल्यावाचून खरी परीक्षा होणार नाही, आणि धार लावली की तो तुम्ही स्वीकारला, हे मनाशी पक्के करूनच दगडाला हात घाला. नंतर आठ ते दहा मि.मी. जाडीची काच, ८० नंबरचा कागद, तळावर पेन्सिलच्या आडव्या रेघा आणि लिव्हर कॅप नेहमीइतकी घट्ट, पाते आत ओढलेले. टोके, तोंडाची पुढची कड आणि तोंडामागची पट्टी एवढ्या ठिकाणच्या रेघा पुसल्या गेल्या की थांबा. मध्ये कुठे पेन्सिल उरली तर उरू द्या, तिच्यासाठी आणखी बीड घालवू नका. शेवटी १२० आणि २२० चा कागद फिरवून लगेच मेण चोळा, कारण चिपळूणच्या पावसात उघडे बीड एका रात्रीत तांबडे होते.

फणसाची फळी (चिपळूण)

काल धार लावली आणि आज तळ घासला. तोंडाच्या मागची पट्टी पुसली जायला पाऊण तास लागला. मध्ये रुपयाएवढ्या जागेत पेन्सिलच्या रेघा अजून आहेत, त्या तशाच ठेवल्या. संध्याकाळी फणसाच्या फळीवर, रेषा उलटी फिरते त्याच जागी, रंधा चालवून पाहिला. पिवळी साल तुकडे न होता अखंड वर आली आणि फळीवर हात फिरवला तेव्हा कुठे खडबड लागली नाही. उद्यापासून उरलेले चार चौरंग घेते.